तेलपाणी

रोक्सॅन पेल्की गाडीखाली हात घालते,
म्हैस घेणारा गडी कास चाचपतो तसा.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जाते
दाराखालच्या पट्टीवर, पुढून मागे,
टण. टण. टण.
आणि मागच्या चाकाजवळ एकदाच
थप्प.
"इथे," म्हणते. पुढे काही म्हणत नाही.

ऑस्वेगोत ऑक्टोबर सरत आलाय.
सरोवरावरून अजून नुसताच वारा,
पण काउंटीच्या शेडशेजारी मिठाचा डोंगर उभा राहिलाय,
ताडपत्रीतून एक खांदा बाहेर काढून.

मी मिठाच्याच गावची.
उरणच्या अलीकडे, खाडीच्या काठी
माझा बाप, हसुराम घरत, फळीने मीठ ओढायचा.
फळी लाकडी. लोखंड तिथे दोन वर्षं टिकत नसे.
त्याची एक सायकल होती.
मिठागराचा बांध आला की तो ती खांद्यावर घ्यायचा
आणि खाऱ्या चिखलातून अनवाणी चालायचा,
वर चाकं आपली रिकामी फिरत.
घरी आला की चेनला, आऱ्यांना,
घंटीच्या वाटीला आतूनसुद्धा
चिंधीने खोबरेल लावायचा.
पायांना नाही.
आई म्हणायची, तिच्याशीच लगीन लावायचं होतं.

हे मी रोक्सॅनला सांगायला गेले,
पण मिठागर म्हणजे काय हे इंग्रजीत जुळवेपर्यंत
तिने गाडी लिफ्टवर वर नेली होती.

तिचे नियम थोडे आहेत, ती ते चिडून सांगते.
दारांच्या तळाची भोकं बुजवू नकोस,
पाणी आत शिरणारच, त्याला बाहेरची वाट ठेव.
काळं जाड डांबर फासून देतात त्यांच्याकडे जाऊ नकोस,
त्या पापुद्र्याखाली गंज सुखाने संसार करतो.
जानेवारीत एखाद्या दिवशी बर्फ वितळला
तर त्याच दिवशी गाडी खालून धू.
आणि कीव येऊन तिला उबदार गॅरेजात ठेवू नकोस:
गारठ्यात मीठ मुकं असतं,
ऊब लागली की कामाला लागतं.

मग नळीने तेल.
पोकळ्यांत, सांध्यांत, जिथे नजर पोचत नाही तिथे,
ओल्या मेंढीचा वास येणारं.
"तीन दिवस ठिबकेल, खाली पुठ्ठा घाल."
आणि ते मागच्या चाकाजवळचं?
"दोन हिवाळे.
तिसरा मिळाला तर मला येऊन सांगू नकोस,
दृष्ट लागेल," अशा अर्थाचं काहीतरी
ती लाकडाच्या बाकावर बोटं वाजवून म्हणाली.

डिसेंबरात बापाचा फोन आला.
म्हटलं, इथे रस्त्यावर मीठ टाकतात.
"रस्त्यावर?"
रस्त्यावर. ट्रकने.
"जाडं का बारीक?"
जाडं.
"भाव?"
मी शोधून सांगितला, टनाचा, रुपयांत.
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत राहिला.
मग म्हणाला, थांब, आणि कुठेतरी गेला,
आणि फोनजवळ सायकलची घंटी वाजली.
दोनदा. स्वच्छ.
एक्केचाळीस वर्षांची.
गुडघ्यांमुळे तो आता ती चालवत नाही, पुसतो मात्र.
ठेवता ठेवता म्हणाला,
"सांडलेलं मीठ मेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं.
तिकडच्या लोकांना कुणी सांगितलं नाही का?"

सकाळी सहा वाजता माझी वृद्धाश्रमातली पाळी सुटते.
अंधारात ट्रक पुढे चाललेला असतो, मागे पेरत,
खडे बॉनेटवर ताडताड येतात.
मी वेग कमी करते. तो दिसेनासा होईपर्यंत मागे राहते.
मागच्या चाकाजवळची जागा
मिठाची गुळणी धरून बसलेली असते.

गाडी बाहेरच लावते, गारठ्यात.
पुठ्ठ्यावर ऑक्टोबरचा डाग तसाच आहे,
कडेने पसरत पसरत खाडीच्या नकाशासारखा झालेला.
काचेवरचं खरवडताना पापणीवर काहीतरी बसतं.
मी बोटाने टिपून चाखते.
बर्फच.